हिरवे अक्रोड, कडू संत्री, कासिस: फ्रेंच घरगुती अपेरितिफ आणि लिकर कसे मुरवायचे

फ्रान्सच्या गावाकडच्या घरांत तळघरातल्या फळीवर दोन तऱ्हेच्या बाटल्या हमखास दिसतात. पहिल्या तऱ्हेत वाइनमध्ये फळं, पानं किंवा साली मुरवून, थोडं कडक मद्य आणि साखर घालून केलेले अपेरितिफ येतात. ते जेवणाआधी घोटभर घ्यायचे असतात. दुसऱ्या तऱ्हेत कडक मद्यातच फळं किंवा वनस्पती मुरवून, मग गोड करून ठेवलेले लिकर येतात आणि ते बहुतेक जेवणानंतर निघतात. दोन्हींना भट्टी लागत नाही, काही आंबवावं लागत नाही आणि महागडी उपकरणंही लागत नाहीत. फळ योग्य दिवशी हाती यावं लागतं, तीन आकडे सांभाळावे लागतात (मद्याची तीव्रता, साखर, दिवस) आणि वेळ झाली की फळ न चुकता बाहेर काढावं लागतं.

नवशिके सगळ्यात जास्त चुकतात ते या शेवटच्या गोष्टीत. ‘जितकं जास्त मुरेल तितकं चांगलं’ हा लोणच्याचा न्याय इथे लागू होत नाही. मद्य फळातून आधी रंग आणि वास ओढतं, मग तुरटपणा, आणि सगळ्यात शेवटी बियांचा, देठांचा, सालीच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा. हवं ते मिळालं की थांबायचं. चव पुढेही सुधारत जाते, पण ती गाळल्यानंतर, बंद बाटलीत.

मद्य कोणतं घ्यायचं

फ्रान्समध्ये उन्हाळ्यात सुपरमार्केटात जॅमच्या बरण्यांशेजारी ‘फळांसाठीचं अल्कोहोल’ ठेवलेलं असतं. ते ४० टक्क्यांचं, बिनवासाचं, बिनरंगाचं असतं. या लेखातल्या बहुतेक कृतींना तेच पुरतं. द्राक्षाच्या चोथ्यापासून किंवा प्लमपासून केलेली ओ-द-व्ही, म्हणजे फळांपासून गाळलेलं कडक मद्यही, चालते, पण तिला स्वतःची चव असते. अक्रोडाला ती शोभते, नाजूक पानांचा वास मात्र तिच्याखाली दबून जातो. ९० टक्क्यांचं खाद्य अल्कोहोलही मिळतं आणि सुवासिक पानांसाठी तेच उत्तम.

इथे एक गंभीर इशारा. त्याच दुकानात साफसफाईच्या वस्तूंत ९० टक्क्यांचंच घरगुती अल्कोहोल असतं, स्पिरिटच्या शेगडीत जाळायचंही असतं, आणि औषधांच्या दुकानात जखमेसाठीचं. ही तिन्ही पिण्याची नाहीत. त्यांत मिसळलेले पदार्थ गाळून, उकळून किंवा साखर घालून जात नाहीत. जळाऊ स्पिरिटमधलं मेथॅनॉल तर डोळे आणि जीव दोन्ही घेऊ शकतं. बाटलीवर खाद्य वापराचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती घेऊच नका.

भारतात मिळणारी वोडका किंवा पांढरी रम बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. ४० टक्क्यांच्या जागी ती कोणताही बदल न करता वापरता येते. ९० टक्क्यांच्या अल्कोहोलजवळ गॅस, मेणबत्ती, सिगारेट काहीही नको, कारण त्याची वाफ पेटते.

भांडी काचेची किंवा आतून काच-लुकण असलेली चिनी मातीची घ्या. तीव्र अल्कोहोल प्लॅस्टिकमधली द्रव्यं ओढून घेतं. लोखंडी सुरी किंवा कढई फळातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी भिडली की रंग शाईसारखा काळा पडतो आणि धातूची चव येते. सुरी, चमचा, गाळणं सगळं स्टेनलेस स्टीलचंच असू द्या.

आधी कागदावर हिशेब

कृतीच्या नोंदीत प्रमाणं दिलेली असतात, पण शेवटी पेय किती टक्क्यांचं होईल हे क्वचितच लिहिलेलं असतं. पेय टिकणार की आंबणार हे तर त्यावरच ठरतं. वाइनवर आधारलेलं गोड पेय १५ टक्क्यांच्या बरंच खाली राहिलं तर यीस्ट पुन्हा जागं होऊ शकतं. मग बाटलीत बुडबुडे येतात, बूच उडतं किंवा चव व्हिनेगरकडे झुकते.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक द्रवाचं माप गुणिले त्याची टक्केवारी, म्हणजे त्यातलं शुद्ध अल्कोहोल. त्या सगळ्यांच्या बेरजेला एकूण आकारमानाने भागायचं. आकारमानात दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे साखर, कारण एक किलो साखर विरघळली की सुमारे ०.६ लिटर जागा घेते. दुसरी म्हणजे फळातलं पाणी. ताजं फळ बहुतांशी पाणीच असतं आणि ते पाणी मुरताना मद्यात उतरतं.

अल्कोहोल मोजायचं तरंगतं मापक हिशेबाच्या कामाचं आहे, पण साखर घालण्याआधीच. साखर विरघळली की द्रव घट्ट होतो, मापक वर तरंगतो आणि आकडा खोटा पडतो. म्हणून गोड लिकर मापकाने तपासायला जाऊ नका. कागदावरचा हिशेबच धरा.

व्हँ द न्वा: हिरव्या अक्रोडांची वाइन

नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं आमचं ठाम मत आहे. ही कृती चुका सहन करते, स्वस्त लाल वाइनही तिच्यात खुलते आणि वर्षभरात चव कशी बदलत जाते ते स्वतःला कळतं. पेरिगोर आणि दोफिने हे फ्रान्सचे अक्रोडाचे मोठे प्रदेश. ग्रेनोबलच्या अक्रोडाला तर १९३८ पासून मूळस्थानाचं संरक्षण आहे. पण अक्रोडाचं झाड असलेलं जवळपास प्रत्येक गाव ही वाइन करतं.

अक्रोड तोडायचा परंपरागत दिवस संत योहानाचा, २४ जून. दक्षिणेत थोडं आधी, डोंगराळ भागात १४ जुलैपर्यंत. तारखेपेक्षा सुईवर विश्वास ठेवा. जाड सुई हिरव्या फळातून आरपार सहज गेली पाहिजे. मध्ये टणक अडथळा लागला तर आतलं कवच धरू लागलंय. अशा अक्रोडांतून तुरटपणा येतो, वास फारसा येत नाही.

साहित्य: ४० हिरवे अक्रोड, ५ लिटर लाल वाइन (१३ ते १३.५ टक्के, ओकच्या पिंपात न ठेवलेली), १ लिटर ४५ टक्क्यांची ओ-द-व्ही किंवा सव्वा लिटर ४० टक्क्यांची, १ किलो साखर, एक व्हॅनिलाची शेंग, एका संत्र्याची पातळ सोललेली साल, दालचिनीचा बोटभर तुकडा.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कृतीत १ लिटर ४० टक्क्यांचीच ओ-द-व्ही असते. १२.५ टक्क्यांची वाइन धरली तर कागदावर त्याचे १५.५ टक्के होतात: ६२५ मिली अधिक ४०० मिली, भागिले ६.६ लिटर. पण ४० कोवळ्या अक्रोडांमधलं पाऊण-एक लिटर पाणीही त्यात उतरतं आणि प्रत्यक्षात १४ टक्क्यांच्याही खाली जायला होतं. थंड तळघरात ते निभावतं, गरम स्वयंपाकघरात नाही. वर दिलेल्या मापांनी ते १५ च्या आसपास राहतं.

१. हातमोजे घाला. हिरव्या अक्रोडाच्या रसाचे तपकिरी-काळे डाग हातावरून कित्येक दिवस जात नाहीत, कापडावरून आणि लाकडी पाटावरून तर कधीच नाहीत.

२. अक्रोड धुऊन पूर्ण कोरडे करा, चार-चार फोडी करा. वाटून किंवा किसून टाकू नका. तसं केलं तर टॅनिन एकदम उतरतं आणि गाळ खाली बसतच नाही.

३. मोठ्या काचेच्या बरणीत फोडी, साल, व्हॅनिला, दालचिनी घाला. आधी ओ-द-व्ही ओता, हलवा, मग वाइन. या क्रमाने फोडी हवेत काळ्या पडायच्या आत तीव्र मद्यात बुडतात.

४. साखर आत्ताच घातली तरी चालते, पण गाळल्यानंतर घालणं बरं. मग चव पाहून ८०० ग्रॅमवरही थांबता येतं.

५. बरणी तोंडापर्यंत भरा. वर तरंगणाऱ्या फोडी हवेत उघड्या राहिल्या की त्यांवर बुरशी धरते. त्या दाबून ठेवायला काचेची छोटी बशी पुरते.

६. अंधाऱ्या, थंड जागी ४० दिवस ठेवा. पहिला आठवडा रोज हलवा, नंतर आठवड्यातून दोनदा. तिसाव्या दिवसापासून दर चार दिवसांनी चमचाभर चाखा. द्रव हळूहळू गडद तपकिरी होतो.

७. आधी मलमलीतून गाळा, दोन दिवस स्थिर ठेवा, वरचा स्वच्छ भाग निथळून घ्या, आणि फक्त तळचा गढूळ भाग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून सोडा. सगळंच कागदातून गाळायला गेलात तर कागद दहा मिनिटांत तुंबतो आणि तासन्‌तास पेयाला हवा लागत राहते.

८. साखर थंडच विरघळवा, बाटल्या भरा, बूच लावा.

पहिल्या महिन्यात ही वाइन कडवट आणि तुटक लागते. म्हणून ती बिघडली असं समजून फेकून देऊ नका. नाताळपर्यंत ती गोलसर होते, वर्षाने खरी चव येते, आणि चांगली केलेली तीन-चार वर्षं सुधारत राहते. लवंग, जायफळ यांचा मोह आवरा. लवंग घालायचीच तर एकच. चार घातल्या की अक्रोड दिसेनासा होतो.

व्हँ दोराँज: हिवाळ्यातली संत्र्याची वाइन

ही दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सची. तिला कडू संत्रं लागतं, ज्याला तिथे बिगाराद म्हणतात. ते जानेवारी-फेब्रुवारीत थोडेच आठवडे बाजारात येतं. ६ कडू संत्री, १ गोड संत्रं, १ लिंबू, ५ लिटर साधी रोझे (गुलाबी) किंवा कोरडी पांढरी वाइन (१३ टक्के), सव्वा लिटर ४० टक्क्यांचं अल्कोहोल, १ किलो साखर, एक व्हॅनिलाची शेंग.

फळं कोमट पाण्यात ब्रशने घासा. सालीवर मेण किंवा बुरशीनाशक लावलेली फळं अजिबात नकोत, कारण इथे सालच मुरणार आहे. सालीसकट आठ-आठ फोडी करा, बिया मात्र एकूण एक काढा, कारण त्यांचा कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. सगळं एकत्र करून ४० दिवस ठेवा, रोज एकदा हलवा. तिसाव्या दिवशी कडवटपणा पुरेसा वाटला तर तिथेच गाळा, सालीच्या आतला पांढरा भाग पुढच्या दहा दिवसांत फक्त कडूच देणार आहे. गाळताना फोडी पिळू नका. पिळल्या की पेक्टिनमुळे (फळातलं जेली धरणारं द्रव्य) पेय गढूळ होतं आणि महिनोन्‌महिने निवळत नाही.

नागपुरी संत्र्याने हीच चव येत नाही. त्याची साल सैल, पातळ आणि गोडसर वासाची असते, बिगारादची जाड आणि कडू. संत्र्याची वाइन म्हणून ती वाईट लागणार नाही, पण प्रोव्हान्सच्या पेयाचा कणा म्हणजे कडवटपणा, आणि तोच तिथे नसतो.

पानांच्या वाइन

उन्हाळा संपताना पीचच्या पानांची वाइन करतात. ती हलकी असते आणि तिला बदामाचा मंद वास येतो. १ लिटर लाल किंवा रोझे वाइनला सुमारे १०० पानं, चार दिवस. मग गाळून २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली ४० टक्क्यांचं अल्कोहोल. पानं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, पिवळी पडायच्या आत तोडायची. दोन गोष्टींत हयगय नको. पीचच्या झाडांवर पानं मुरडण्याच्या रोगासाठी तांब्याचं बुरशीनाशक फवारतात, म्हणून फवारणी न केलेलंच झाड हवं. दुसरं, बदामाचा तो वास ज्या द्रव्यांपासून येतो त्यांतूनच सायनाइडही सुटतं. म्हणून पानांची संख्या आणि दिवस वाढवू नका, आणि पीच-जर्दाळूच्या कोयींतला गर फोडून मुरवायच्या जुन्या कृती नवशिक्याने करूच नयेत.

पश्चिम फ्रान्समधल्या व्हाँदे भागात काटेरी रानप्लमच्या वसंतातल्या कोवळ्या फुटव्यांची अशीच वाइन होते. तीही बदामाच्या अंगाने जाणारी.

क्रेम द कासिस: साखरेचं खरं काम

कासिस म्हणजे काळा करंट, फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशाचं फळ. तिथल्या दिजाँ शहरात १८४१ मध्ये ओग्यूस्त-देनी लागूत यांनी त्याचं लिकर व्यापारी प्रमाणावर सुरू केलं. १९४५ ते १९६८ या काळात दिजाँचे महापौर असलेले धर्मगुरू फेलिक्स कीर पाहुण्यांना अलिगोते या कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये कासिस घालून देत. आज ते मिश्रण जगभर ‘कीर’ याच नावाने मागवलं जातं.

युरोपीय नियमांनुसार लिकर म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि १५ टक्के अल्कोहोल लागतं. ‘क्रेम’ म्हणायला साखर २५० ग्रॅम. आणि क्रेम द कासिसला एकट्याला ४०० ग्रॅम. हे आकडे नवशिक्यालाही उपयोगाचे आहेत. इतक्या साखरेशिवाय कासिसचा आंबट-तुरट गर तोंडात टोचतो, आणि कमी अल्कोहोलवरही ते टिकतं ते साखरेमुळे. याच कमी तीव्रतेवरून एकदा मोठा खटला उभा राहिला. पश्चिम जर्मनीत फळांच्या लिकरला किमान २५ टक्के अल्कोहोलची अट होती, म्हणून तिथे हे फ्रेंच लिकर विकू देत नव्हते. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती अट मोडीत काढली आणि एका देशात कायदेशीर असलेला माल दुसऱ्या सदस्य देशात सहसा अडवता येणार नाही, हे तत्त्व या कासिसच्या बाटलीवरून रुजलं.

कृती: १ किलो पूर्ण पिकलेलं कासिस जुलैमध्ये घ्या. देठ काढा, कारण देठांतून कच्च्या गवताची चव येते. फळं हाताने किंवा लाकडी दांड्याने हलकी फोडा. मिक्सर नको, बिया भरडल्या की कडू तेल सुटतं. १ लिटर ४० टक्क्यांचं अल्कोहोल ओता, हवी तर झाडाची तीन-चार कोवळी पानं घाला आणि सहा ते आठ आठवडे अंधारात ठेवा. फळं गोठवून मग वितळवली तर फोडायचीही गरज नाही. पेशी आधीच फुटलेल्या असतात आणि रस सहज सुटतो.

आता गाळा, आणि या एका कृतीत मात्र चोथा मलमलीत बांधून पिळा. दीडेक लिटर रस मिळतो आणि त्याची तीव्रता २२ टक्क्यांच्या आसपास असते, कारण फळाचं पाणी त्यात आलेलं आहे. मिळालेला रस मोजा आणि दर लिटरला ५५० ग्रॅम साखर घाला. साखरेने आकारमान १.३४ लिटरच्या घरात जातं, म्हणजे लिटरमागे सुमारे ४१० ग्रॅम साखर आणि १६ टक्क्यांहून थोडं जास्त अल्कोहोल. दोन्ही आकडे नियमाच्या आत.

साखर विरघळायला तीन-चार दिवस लागतात. रोज दोनदा हलवा. घाई करून गॅसवर चढवलं तर तीन नुकसानं होतात. अल्कोहोल उडतं, ताज्या फळाचा वास जाऊन जॅमचा येतो आणि कासिसमधल्या भरपूर पेक्टिनमुळे बाटलीतच जेली धरते. गाळलेल्या रसातही कधी कधी चिकट तंतू दिसतात. अल्कोहोलमुळे वेगळं झालेलंच ते पेक्टिन असतं. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून निथळलं की जातं.

कासिस वर्षानुवर्षं ठेवायचं लिकर नाही. हवेने त्याचा जांभळा रंग विटेसारखा होतो आणि वास विझतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार महिन्यांत संपवावी, आणि म्हणूनच ते अर्ध्या लिटरच्या छोट्या बाटल्यांत भरावं. कीरसाठी एक भाग कासिस, चार ते पाच भाग थंड वाइन. कासिस आधी पेल्यात, वाइन वरून. मग ढवळावं लागत नाही.

चव्वेचाळीस आणि चाळीस

या दोन कृती आकड्यांमुळेच तोंडपाठ होतात. पहिली: एक संत्रं, ४४ कॉफीच्या बिया, ४४ साखरेच्या वड्या, १ लिटर ४० टक्क्यांचं अल्कोहोल किंवा पांढरी रम, ४४ दिवस. सुरीच्या टोकाने संत्र्याच्या सालीत चिरा पाडून प्रत्येकीत एक बी खोचायची. सगळं रुंद तोंडाच्या बरणीत. फ्रेंच वडी सुमारे ६ ग्रॅमची, म्हणजे साखर २६० ग्रॅमच्या आसपास. वड्या नसतील तर तेवढी साखर तोलून घाला. तयार लिकर साधारण ३२ टक्क्यांचं होतं. कॉफी मध्यम भाजलेली घ्या. काळीभोर, तेलाने चकचकणारी बी वापरली तर वर तवंग येतो आणि जळका कडवटपणा उतरतो. संत्रं तरंगतं, म्हणून बरणी रोज फिरवा. भारतातून सुरुवात करणाऱ्याला ही कृती सगळ्यात सोयीची, कारण यातली प्रत्येक वस्तू जवळ मिळते.

दुसरी आल्प्सची: जेनेपीच्या ४० काड्या, ४० वड्या, ४० दिवस, १ लिटर अल्कोहोल. जेनेपी ही दवण्याच्या कुळातली, उंच डोंगरकपारीत वाढणारी बुटकी, रुपेरी वनस्पती. रानातून किती तोडायची यावर तिथल्या जिल्ह्यांनी मर्यादा घातल्या आहेत, म्हणून लागवडीची वाळलेली काडी विकत घ्यावी हेच योग्य. ४० च्या ६० काड्या केल्याने पेय भारी होत नाही. ते औषधी कडू होतं आणि वनस्पतीतलं थुजोन हे द्रव्यही वाढतं, जे जास्त प्रमाणात चेतासंस्थेला अपायकारक आहे.

व्हेर्व्हेन: तीव्र अल्कोहोलचा धडा

ल-प्युई-आँ-व्हले या गावाची ओळख असलेलं व्हेर्व्हेन लिकर १८५९ पासून होतं. कारखान्याच्या त्या लिकरमध्ये ३२ वनस्पती असतात, घरगुती लिकरमध्ये एकच, लिंबाच्या वासाची व्हेर्व्हेन. ताजी ६० पानं सकाळी, दव सुकल्यावर तोडा आणि ५०० मिली ९० टक्क्यांच्या खाद्य अल्कोहोलमध्ये बुडवा. ७ ते १० दिवस, त्याहून जास्त नाही. पानं फिकट आणि कडक झाली की त्यांच्यातलं तेल संपलं. पुढे फक्त वाळक्या गवताची चव येते.

५०० मिली पाण्यात ३५० ग्रॅम साखर विरघळवून पाक पूर्ण थंड करा. पानं न पिळता गाळा आणि पाक हळूहळू, ढवळत अल्कोहोलमध्ये ओता. सुमारे ३८ टक्क्यांचं लिकर होतं. पाक ओतताना दुधाळपणा आला तर घाबरू नका. सुवासिक तेलं तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाणी वाढलं की त्यांचे सूक्ष्म थेंब सुटे होतात. दोन-तीन दिवस थंडीत ठेवून वरचं तेल कागदाने टिपता येतं, किंवा थोडं अल्कोहोल वाढवून पुन्हा स्वच्छ करता येतं. चवीत दोष नसतो. हिरवा रंग मात्र उजेडात काही आठवड्यांत पिवळट-तपकिरी होतो. गडद काचेची बाटली वापरा आणि खिडकीत ठेवू नका.

बिघडलं तर

वाइनचं पेय फसफसतंय: आंबवण पुन्हा सुरू झालंय. बूच सैल करून गॅस जाऊ द्या, दर लिटरला १०० मिली ४० टक्क्यांचं अल्कोहोल घाला, थंड जागी हलवा. व्हिनेगरचा वास स्पष्ट येत असेल तर उपाय नाही, आणि ती बरणी उकळत्या पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

वर बुरशीचा थर: काढून टाकून पुढे जाण्याचा मोह होतो, पण सगळं फेकून द्या. फळ वर उघडं राहिलं होतं किंवा ओलं घातलं होतं.

फार कडू झालं: साखरेने कडवटपणा झाकला जातो, जात नाही. त्याच वाइन-अल्कोहोल-साखरेचं फळाशिवायचं मिश्रण करून त्यात अर्धं-अर्धं मिसळा.

फार गोड झालं: पाणी कधीच घालू नका, तीव्रता घसरेल. लिकर असेल तर ४० टक्क्यांचं अल्कोहोल, वाइनचं पेय असेल तर वाइन आणि अल्कोहोल पाचास एक या मापाने.

कायदा आणि साठवण

कर भरलेलं अल्कोहोल विकत घेऊन त्यात घरापुरतं फळ मुरवणं फ्रान्समध्ये रोजचं आहे. नोंदणीशिवाय भट्टी लावून मद्य गाळणं किंवा असं घरगुती पेय विकणं मात्र चालत नाही. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. गोव्याचे नियम वेगळे. आपल्या राज्यात काय चालतं ते बरणी भरण्याआधी तपासा. गरोदर स्त्रिया, यकृताचा त्रास असलेले आणि नियमित औषधं घेणारे यांच्यासाठी ही पेयं नाहीत, वनस्पतींची तर मुळीच नाहीत.

प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावा: फळ, मुरवल्याची आणि गाळल्याची तारीख, हिशेबाने आलेली टक्केवारी, लिटरमागे साखर. पुढच्या वर्षी प्रमाण बदलायचं तर आधार तेवढाच असतो. अक्रोड आणि संत्र्याच्या वाइन आडव्या न ठेवता उभ्या ठेवा, म्हणजे तळचा गाळ हलत नाही. ८ ते १० अंशांवर, बर्फ न घालता, ६० ते ८० मिलीच्या छोट्या पेल्यात द्या. लिकरला ३० मिली पुरे. उघडलेली वाइनची बाटली फ्रिजमध्ये महिना-दीड महिना चांगली राहते. ३० टक्क्यांच्या वरची लिकर बाहेर कपाटात ठेवली तरी चालतात.